जुन्या लॅपटॉपला फॉरमॅट मारण्याआधी

२०१२ ते २०१५ च्या दरम्यान घेतलेला लॅपटॉप बहुतेक एकाच साच्यातला असतो: तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीचा कोअर आय-३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. आज तो सुरू व्हायला पाच मिनिटं घेतो, ब्राउझर उघडला की पंखा घोंघावतो, आणि घरात ठरतं, ‘आता याला फॉरमॅट मारायला हवा.’ विचार बरोबर आहे. या यंत्रांचा प्रोसेसर आणि पडदा अजून कितीतरी वर्षं काम देऊ शकतो. थकलेली असते ती डिस्क आणि तिच्यावर साचलेली विंडोज.

नवी सिस्टीम टाकायला वीस-तीस मिनिटं लागतात. नुकसान होतं ते त्याआधी केलेल्या किंवा न केलेल्या गोष्टींमुळे. म्हणून इथे तयारीबद्दल जास्त लिहिलं आहे. तो भाग गाळून थेट पेन ड्राइव्हकडे जाऊ नका.

कोणती सिस्टीम टाकायची

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नाव नोंदवणाऱ्यांना सुरक्षेचे जादा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१३ चं यंत्र या अटीतच बसत नाही. अट चुकवून ती टाकता येते, पण दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, दर वेळी हाताने खटपट करावी लागते. शिवाय ४ जीबी रॅमवर ती रडतखडतच चालते.

ब्राउझर, मेल, ऑफिसची कागदपत्रं, व्हिडिओ, मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाका, आणि त्यातली एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती निवडा. मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत. किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते. ४ जीबीवर ती आरामात चालते. प्रोसेसर मात्र ६४-बिटचा हवा. कोअर आय मालिकेतला कुठलाही चालतो, फक्त सुरुवातीच्या काही ॲटम नेटबुकांवर अडतं.

काही कामांसाठी विंडोज सोडू नका. टॅलीवर हिशेब असतील, डोंगल लावून चालणारं डीटीपीचं सॉफ्टवेअर असेल किंवा निविदा-जीएसटीसाठी डिजिटल सहीचं टोकन वापरात असेल, तर डिस्क बदला आणि विंडोजच पुन्हा टाका. अशा वेळी जुनी विंडोज पुसण्याआधी सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’ पानावर तिची नेमकी आवृत्ती वहीत लिहून ठेवा. आपल्याकडे विकलेल्या लॅपटॉपांवर बरेचदा ‘होम सिंगल लँग्वेज’ असते. विंडोज ८ पासूनच्या यंत्रांत परवान्याची किल्ली बायॉसमध्येच (लॅपटॉप सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) असते आणि इन्स्टॉलर ती स्वतः वाचतो, पण ती त्याच आवृत्तीला लागू पडते. वर ‘प्रो’ टाकली की ॲक्टिव्हेशन होत नाही, आणि लोकांना वाटतं किल्ली मेली. विंडोज ७ ची किल्ली तळाच्या किंवा बॅटरीखालच्या स्टिकरवर असते, बरेचदा घासून पुसट झालेली. विंडोजशिवाय, नुसत्या डॉससह घेतलेल्या लॅपटॉपला मुळात विंडोजचा परवानाच नसतो.

दुकानात ‘फुल व्हर्जन’ म्हणून जी विंडोज टाकून मिळते, ती बहुधा ॲक्टिव्हेटर, म्हणजे परवान्याची तपासणी चुकवणारा प्रोग्राम, चालवून उघडलेली असते. तो चालावा म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करतात. अशा यंत्रावर बँकेचा पासवर्ड टाइप करू नये. फुकटच हवं असेल तर मिंट आहेच, आणि ती उघडपणे, कायदेशीररीत्या फुकट आहे.

‘डी’ ड्राइव्हचा गैरसमज

सगळ्यात जास्त फोटो याच गैरसमजापायी गेले आहेत. आपल्याकडची वर्षानुवर्षांची सवय अशी, की सी ड्राइव्हवर विंडोज, डी ड्राइव्हवर ‘आपलं सगळं’. फॉरमॅट मारताना फक्त सी पुसला जातो, डी सुरक्षित राहतो, हे मनात इतकं पक्कं असतं की बॅकअप घ्यायचं सुचतच नाही.

सी आणि डी या एकाच डिस्कच्या दोन खोल्या आहेत, वेगवेगळी घरं नव्हेत. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये फक्त सी निवडला तर डी राहतो हे खरं. पण मिंटच्या इन्स्टॉलरमधला ‘इरेज डिस्क’ हा पर्याय सगळं घर रिकामं करतो, आणि पुढे येणाऱ्या यादीत सी, डी ही अक्षरं दिसतही नाहीत, कारण ती विंडोजने दिलेली नावं आहेत. डिस्कच मरायला टेकली असेल तर डीवरची माहिती सीबरोबरच जाते. म्हणून डी सकट सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवा. शक्य असेल तर दोन ठिकाणी.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स हे फोल्डर सगळ्यांना आठवतात. हमखास राहून जातात ते वेगळेच. आउटलुक वापरत असाल तर मेल साठवलेली पीएसटी फाइल. टॅलीचा डेटा फोल्डर, आणि यंत्र बदलत असाल तर टॅलीचा परवाना आधी सरेंडर करणं. ब्राउझरचे बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड. पासवर्ड फाइल म्हणून काढून घेतलेत तर काम झाल्यावर ती फाइल नष्ट करा, कारण तिच्यात सगळं उघडं लिहिलेलं असतं.

आणि फॉन्ट. युनिकोड येण्याआधीच्या पद्धतीने टाइप केलेल्या मराठी फाइलींत मुळात इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात. त्यांना देवनागरी रूप फॉन्ट देतो. फॉन्ट गेला की लग्नपत्रिका, सोसायटीची इतिवृत्तं, जुने अर्ज, सगळ्याचा इंग्रजी चिन्हांचा चिवडा होतो. असा मजकूर एक ओळभर जरी असेल तरी विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले ते फॉन्ट कॉपी करून ठेवा. मिंटमध्ये फॉन्टच्या फाइलवर डबल क्लिक करून तो बसवता येतो आणि जुनी फाइल पुन्हा वाचता येते.

कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. बाहेरची डिस्क दुसऱ्या यंत्राला लावा, दहा-पंधरा फाइली उघडून बघा, निदान एक मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत पुढे सरकवून बघा.

विंडोज सुरूच होत नसेल तरी माहिती गेली असं मानू नका. खाली सांगितल्याप्रमाणे मिंटचा पेन ड्राइव्ह दुसऱ्या यंत्रावर बनवा, त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि तिथूनच फाइली बाहेरच्या डिस्कवर ओढा. यासाठी काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. विंडोज ‘फास्ट स्टार्टअप’ने अर्धवट झोपलेली असेल, तर मिंट तिचा भाग उघडायला नकार देते किंवा फक्त वाचू देते. विंडोज चालू होत असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, म्हणजे ती पुरती बंद होते. डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप दिसलं तर त्याची किल्ली मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शोधा. तिच्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

डिस्क तपासा, जमलं तर बदला

विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो आणि मिंटमध्ये ‘डिस्क्स’ हे ॲप डिस्कच्या तब्येतीची नोंद दाखवतं. त्यातल्या दोन ओळी बघा: क्रमांक ५, म्हणजे खराब निघाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे माहिती साठवणारे छोटे कप्पे), आणि क्रमांक १९७, म्हणजे वाचता न आल्यामुळे लटकलेले सेक्टर. दोन्ही ठिकाणी शून्य असेल तर ठीक. १९७ चा आकडा शून्याच्या वर असेल आणि वाढत असेल, तर त्या डिस्कवर नवी सिस्टीम टाकून काही उपयोग नाही. इन्स्टॉल अर्ध्यावर अडकेल किंवा महिन्याभरात पुन्हा तीच रड सुरू होईल. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर लॅपटॉप ताबडतोब बंद करा. प्रत्येक वेळी चालू केल्याने उरलेलं वाचण्याची शक्यता कमी होते, म्हणून अशी डिस्क सरळ डेटा काढून देणाऱ्याकडे न्यावी.

डिस्क धडधाकट असली तरी आमचा आग्रह एसएसडीचा, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कचा आहे. या पिढीच्या लॅपटॉपचा वेग एसएसडीने जितका वाढतो तितका दुसऱ्या कशानेही वाढत नाही. २.५ इंची साटा एसएसडी घ्या, २४० किंवा २५६ जीबी पुरते. जुनी हार्ड डिस्क ९.५ मिमी जाड असली आणि एसएसडी ७ मिमी, तर एसएसडीबरोबर येणारी पट्टी चिकटवा, नाहीतर ती खाचेत हलत राहते.

रॅम वाढवायची तर आधी व्होल्टेज बघा. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपांना १.३५ व्होल्टची डीडीआर३-एल लागते. जुन्या १.५ व्होल्टवाल्यांत साधी डीडीआर३ असते, पण त्यांनाही एल चालते. त्यामुळे खात्री नसेल तर एलच घ्या.

उघडण्याआधी चार्जर काढा, बॅटरी काढा आणि पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. स्क्रू छोटे प्लसचे असतात, त्यांना पीएच-० मापाचा पेचकस लागतो. मोठ्या पेचकसाने डोकं झिजलं की तो स्क्रू निघत नाही. एक-दोन स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात. झाकण निघत नसेल तर जोर लावण्याआधी ते शोधा. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल किंवा त्याचं क्लिक होत नसेल, तर खालची बॅटरी फुगलेली असू शकते. तिला टोचू-दाबू नका, लॅपटॉप वापरू नका, आधी ती बदलून घ्या.

पेन ड्राइव्ह बनवणे

मिंटची फाइल सुमारे ३ जीबीची आहे. फोनच्या रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर ती एका दिवसात उतरत नाही, आणि ब्राउझरमधून अर्धवट तुटलेली फाइल बरेचदा पहिल्यापासून घ्यावी लागते. अशा वेळी मिंटच्या संकेतस्थळावरचा टॉरेंटचा पर्याय वापरा. तो थांबून पुन्हा सुरू होतो आणि प्रत्येक तुकडा तपासून घेतो. थेट डाउनलोड केली असेल तर एसएचए२५६ ची बेरीज, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली की नाही ते सांगणारा आकडा, जुळवून बघा. ही फाइल पेन ड्राइव्हवर लिहिणाऱ्या रूफस या छोट्या प्रोग्राममध्ये ती निवडल्यावर शेजारी बरोबरच्या खुणेचं बटण असतं. ते दाबलं की बेरीज दिसते, ती संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून बघायची.

पेन ड्राइव्ह ८ जीबी किंवा त्याहून मोठा घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे. रूफसमध्ये पार्टिशन स्कीम ‘एमबीआर’ ठेवा, म्हणजे पेन ड्राइव्ह जुन्या बायॉसवर आणि त्याची जागा घेणाऱ्या नव्या यूईएफआयवर, दोन्हीकडे चालतो. लिहिण्याची पद्धत विचारली तर आयएसओ निवडा. फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून पेन ड्राइव्ह सुरू होत नाही.

पेन ड्राइव्हवरून सुरू करणे

लॅपटॉप पूर्ण बंद करा, पेन ड्राइव्ह लावा, चालू करताच बूट मेनूची (कशावरून सुरू व्हायचं ते निवडण्याच्या यादीची) कळ टपटप दाबत राहा. डेल आणि तोशिबावर एफ-१२. एचपीवर एस्केप आणि मग एफ-९. असुसवर एस्केप. लेनोवोवर एफ-१२, किंवा चार्जरच्या खाचेजवळचं छोटंसं नोवो बटण पिनने दाबायचं. एसरवर एफ-१२, पण बऱ्याच मॉडेलांत तो मेनू आधी एफ-२ ने बायॉसमध्ये जाऊन चालू करावा लागतो.

यादीत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकदा नुसता आणि एकदा यूईएफआय लिहिलेला. सगळी डिस्क पुसणार असाल तर यूईएफआयवाला घ्या. विंडोज शेजारी ठेवणार असाल तर ती ज्या पद्धतीने बसली आहे तीच घ्यायची. विंडोजच्या ‘सिस्टीम इन्फर्मेशन’मध्ये बायॉस मोडपुढे लेगसी (म्हणजे जुनी बायॉस पद्धत) की यूईएफआय हे लिहिलेलं असतं. दोन्ही वेगवेगळे झाले की सुरुवातीच्या मेनूत एक सिस्टीम दिसत नाही.

पेन ड्राइव्ह दिसतच नसेल तर निळं यूएसबी पोर्ट सोडून काळ्यात लावा आणि बायॉसमधला सिक्युअर बूट (सही नसलेली सिस्टीम सुरू होऊ न देणारी सोय) बंद करा. मिंट सिक्युअर बूटसकट चालते, पण या पिढीच्या फर्मवेअरमध्ये तो अडथळे आणतो, आणि पुढे वायफायचा ड्रायव्हर टाकतानाही जादा पायरी वाढवतो. बायॉसमध्ये आहातच तर तारीखही बघा. ती मागे गेली असेल तर आतला छोटा सेल संपला आहे. मग मिंट टाकल्यावर प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित असल्याचा इशारा येतो आणि अपडेटही नाकारले जातात, कारण यंत्राच्या मते ती प्रमाणपत्रं अजून सुरूच झालेली नसतात. सेल बहुधा सीआर२०३२ असतो. अनेक लॅपटॉपांत तो वायर आणि छोट्या प्लगसह येतो, म्हणून जुना काढून दुकानात दाखवा. बायॉस अपडेट करायचा मोह मात्र टाळा. बॅटरी मेलेली असताना मध्येच वीज गेली तर मदरबोर्डच निकामी होतो.

आधी वापरून बघा

मिंट पेन ड्राइव्हवरूनच पूर्ण चालते. अर्धा तास तशीच वापरा: वायफाय, आवाज, कॅमेरा, उजेड कमी-जास्त करणं, झाकण मिटून उघडणं. प्रिंटर असेल तर तोही लावा. एचपीचे बहुतेक प्रिंटर लगेच ओळखले जातात. कॅननचा एलबीपी २९००, जो आपल्याकडच्या असंख्य कचेऱ्यांत दिसतो, तो स्वतःचीच वेगळी भाषा बोलतो आणि त्याचा ड्रायव्हर बसवणं नवख्याला जड जातं. हे सिस्टीम पुसण्याआधी कळलेलं बरं.

सुरू होताना पडदा काळाच राहिला तर पुन्हा चालू करून मेनूतला ‘कंपॅटिबिलिटी मोड’ घ्या. ग्राफिक्स कार्डाशी न जुळल्याने असं होतं. ‘स्क्वॅशएफएस एरर’ अशा ओळी धावल्या तर दोष लॅपटॉपचा नाही. डाउनलोड अर्धवट आहे किंवा पेन ड्राइव्ह खराब आहे.

इन्स्टॉल

चार्जर लावा, लॅपटॉप गादीवर नव्हे, टेबलावर ठेवा. मध्येच आपोआप बंद पडला तर कारण उष्णता असतं: पंख्यात धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट. ते साफ करून पुन्हा सुरुवात करा.

बॅकअपची बाहेरची डिस्क काढून ठेवा. ही पायरी छोटी आहे, पण चुकीची डिस्क निवडली जाण्याची शक्यताच त्यामुळे संपते. मग डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’वर डबल क्लिक करा. भाषा आणि कीबोर्ड निवडा. कीबोर्ड इंग्रजीच ठेवा, नाहीतर पासवर्ड देवनागरीत टाइप होऊ लागतो. मल्टिमीडिया कोडेकच्या (गाणी-व्हिडिओ चालवायला लागणाऱ्या जोडसॉफ्टवेअरच्या) चौकटीत खूण करा. ‘इरेज डिस्क अँड इन्स्टॉल’ निवडल्यावर कोणती डिस्क पुसणार ते नाव आणि आकारासह दिसतं. २४० जीबीची एसएसडी असेल तर आकडा तेवढाच हवा. इथपर्यंत काहीही पुसलेलं नसतं. ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबून पुढची खात्री दिली की परत फिरता येत नाही. नकाशात कोलकाता वेळ घ्या, नाव आणि पासवर्ड द्या. पासवर्ड कागदावर लिहून ठेवा, कारण प्रत्येक सॉफ्टवेअर टाकताना तो विचारला जातो.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल, तर बायॉसमध्ये साटा मोड ‘रेड’ किंवा ‘इंटेल आरएसटी’ असतो. तो ‘एएचसीआय’ करा. विंडोज ठेवायची असेल तर हे आंधळेपणाने करू नका, ती निळ्या पडद्यावर अडकते.

शेवटी पेन ड्राइव्ह काढून एंटर दाबायला सांगतात. त्यानंतर एसरवर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ आलं तर घाबरू नका. बायॉसमध्ये सुपरवायझर पासवर्ड लावा, म्हणजे यूईएफआय फाइल ‘ट्रस्टेड’ म्हणून निवडायचा पर्याय उघडतो. तिथे मिंटची फाइल दाखवून द्या.

पहिल्या दिवशी

वायफाय दिसत नसेल तर बहुधा आत ब्रॉडकॉमची चिप आहे. फोन यूएसबी केबलने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, आणि मिंटमधल्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’मध्ये ब्रॉडकॉमपुढची निवड करून रीस्टार्ट करा. मग ‘अपडेट मॅनेजर’मधून सगळे अपडेट घ्या. ‘टाइमशिफ्ट’मध्ये सिस्टीमचा स्नॅपशॉट घेऊन ठेवा, काही बिघडलं तर मागे येता येतं. पण त्यात तुमचे फोटो आणि कागदपत्रं येत नाहीत, त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यायचा. फायरवॉलचं बटण चालू करा.

मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘लेआउट’वर जाऊन यंत्रणेची मूळ निवड काढा आणि भारताखालचा मराठी लेआउट जोडा. कगप ध्वन्यात्मक आणि इन्स्क्रिप्ट दोन्ही मिळतात. गमभनची सवय असेल तर ‘इनपुट मेथड’मधून आयबस हे टायपिंगचं सॉफ्टवेअर घ्या, त्यासोबत एम१७एन हा लेआउटांचा संच बसवा. त्याच्या मराठी यादीत गमभन आणि रेमिंग्टन आहेत.

काढलेली जुनी हार्ड डिस्क लगेच पुसू नका. २.५ इंची यूएसबी केसमध्ये घालून सहा महिने कपाटात ठेवा. राहून गेलेली एखादी फाइल बहुधा याच काळात आठवते. नंतर ती विकायची किंवा कुणाला द्यायची असेल तर नुसतं क्विक फॉरमॅट पुरत नाही, त्यातून फाइली परत काढता येतात. मिंटच्या ‘डिस्क्स’ ॲपमध्ये ‘फॉरमॅट डिस्क’ घेऊन शून्यांनी भरण्याचा पर्याय निवडा. ५०० जीबीला दोन-तीन तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवा.